घरोघरी नळ आला, पण गावची विहीर तेवढीच राहिली

मार्च सरला की ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एकच विषय चालतो. आज पाणी आलं का, किती वाजता येणार, आमच्या आळीला का नाही आलं. पाणी सोडणाऱ्याचा फोन बंद लागतो, सरपंच "मोटर जळाली आहे" असं टाकतात आणि खाली पन्नास जण राग आलेल्या तोंडाची चित्रं टाकतात. पाच-सहा वर्षांपूर्वी या भांडणाचा विषय टँकर होता. आता टँकर कमी झालेत, नळ घरात आलाय, भांडण मात्र तिथंच आहे.

असं का होतंय याचा विचार करायला सातारा जिल्हा चांगला आहे, कारण इथं सगळे नमुने एकाच जिल्ह्यात बघायला मिळतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात चारशे-पाचशे मिलिमीटरवर वर्ष काढावं लागतं. एकीकडं १०५ टीएमसीचं कोयना धरण, दुसरीकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या. आणि मधे शिरवळ-खंडाळ्याच्या एमआयडीसीभोवतीची, हायवेच्या कडेची, कराड-साताऱ्याला चिकटलेली गावं. ही गावं दरवर्षी फुगत चाललीत. पाण्याचा खरा पेच या फुगणाऱ्या गावांतच आहे.

जलजीवन मिशन पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर केलं. त्यावेळी देशातल्या ग्रामीण भागात ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता, म्हणजे शंभरातल्या सतराएक घरांत. २०२४ पर्यंत सगळ्या घरांत नळ द्यायचा होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवली. तोवर १५ कोटी घरांपर्यंत योजना पोचली होती. आकडा लहान नाही. डोक्यावरचा हंडा उतरला हे ज्यांच्या डोक्यावर होता त्यांना विचारावं. त्यामुळं योजना वाया गेली म्हणणं बरोबर नाही.

पण योजनेत नुसती जोडणी धरलेली नाही. माणशी दिवसाला ५५ लिटर, पिण्यालायक आणि नियमित, असं तिचं माप आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. आता आपल्या गावात हे माप कोण मोजतं? बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. कागदावर "हर घर नळ" झालं की गावाला बोर्ड लागतो. नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी येतं की चार दिवसांनी, ते बोर्डावर लिहिलेलं नसतं.

काही गावांत टाकी बांधून तयार आहे पण पाईप जोडलेली नाही. काही ठिकाणी रस्ता खणून ठेवला आणि ठेकेदार गेला. राज्यभर ठेकेदारांची बिलं थकली, त्यासाठी त्यांनी आंदोलनं केली हे सगळ्यांनी वाचलंय. हा पैशाचा प्रश्न आहे, आज ना उद्या मिटेल. अवघड आहे तो विहिरीचा प्रश्न.

माणसं मोजली, भाडेकरू राहिले

शेवटची जनगणना झाली २०११ ला. पाणी योजनेचा आराखडा करताना त्याच आकड्यावर पुढची वाढ धरून लोकसंख्या काढतात. ज्या गावातली तरुण पोरं पुण्या-मुंबईला गेली तिथं हा हिशेब चालून जातो. पण ज्या गावाशेजारी कंपनी आली, तिथं घरमालकानं मागच्या गोठ्याच्या जागी आठ खोल्या काढल्या, प्रत्येक खोलीत तीन-चार पोरं भाड्यानं राहतात. ग्रामपंचायतीच्या दफ्तरी घर एक, नळ एक, माणसं पाच. प्रत्यक्षात तीस माणसं त्या एका अर्ध्या इंची नळावर.

प्लॉटिंगचंही तसंच. गावाच्या वरच्या अंगाला पाच-दहा एकराचा लेआउट पडतो. जाहिरातीत "मुबलक पाणी" लिहिलेलं असतं. सुरुवातीला बिल्डर बोअर मारून देतो, दोन उन्हाळे ते चालतं, तिसऱ्या वर्षी प्लॉटधारक ग्रामपंचायतीकडं नळजोड मागायला येतात. ग्रामपंचायतीला घरपट्टी हवी असते, पुढं मतंही हवी असतात. नळजोड दिला जातो. गावची सार्वजनिक विहीर मात्र तीच राहते, जी आजोबांच्या काळात हजार-बाराशे लोकसंख्येसाठी खणली होती. फार तर तिची खोली वाढवली असेल.

महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन काळ्या पाषाणाची. या दगडाच्या पोटात वाळूसारखं पाणी साठत नाही. वरचा मुरमाचा थर आणि दगडातल्या फटी, एवढीच त्याची जागा. म्हणून आपल्याकडं एका बोअरला पाणी लागतं आणि वीस फुटांवरचं दुसरं फुफाटा काढतं. खोल गेलं म्हणजे पाणी वाढतं हा गैरसमज आहे. पाचशे-सहाशे फुटांवर जे लागतं ते बऱ्याचदा जुनं साठलेलं असतं, ते एकदा उपसलं की भरायला कित्येक पावसाळे जातात.

पाणी जातं कुठं

इथं एक हिशेब मांडायला पाहिजे, कारण पाणी वाचवा म्हटलं की सगळे बोट दाखवतात ते घरातल्या बाईकडं. भांडी कमी पाण्यात घासा, नळ बंद ठेवा. ते बरोबर आहे, पण अर्धंच आहे.

दोन हजार लोकसंख्येचं गाव धरा. माणशी ५५ लिटरनं गावाची दिवसाची गरज १ लाख १० हजार लिटर. पाच एचपीची मोटर शंभर फुटांवरून तासाला साधारण २० हजार लिटरच्या आसपास पाणी काढते. म्हणजे अख्ख्या गावाचं दिवसाचं पाणी हे एका शेतकऱ्याच्या एका मोटरचं साडेपाच तासांचं काम. आणि एक एकर उसाला पाटानं एकदा भिजवलं, तीन इंच पाणी बसलं, तर तीन लाख लिटर गेलं. गावाचं पावणेतीन दिवसांचं पाणी, एका एकरात, एका पाळीला.

हे ऊसवाल्याला शिव्या द्यायला सांगितलेलं नाही. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे, ज्वारीला काय आहे? पण गावच्या विहिरीच्या शेजारी रात्रभर मोटर चालते आणि सकाळी टाकी भरत नाही, तेव्हा दोष नळाच्या तोटीला देऊन भागत नाही.

यावर कायदा आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर, बोअर घ्यायला १९९३ च्या कायद्यानं बंदी घातली. पुढं २००९ चा भूजल कायदा आला, तो २०१४ पासून लागू झाला, त्यातही ही तरतूद आहे. ६० मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला त्या कायद्यात मनाई आहे. आता गावात दोनशे फुटांच्या आतलं बोअर शोधून दाखवा. बोअरची गाडी रात्री अकराला येते आणि पहाटे निघून जाते, सकाळी सगळ्या गावाला माहीत असतं. तक्रार मात्र होत नाही. कारण ज्यानं बोअर मारलं तो भावकीतला, आणि तक्रार करणाऱ्याचं स्वतःचं बोअरही तीनशे फुटांचं असतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे गावपातळीवर सोडवलं. शेतीसाठी बोअर नाही, दरवर्षी पाऊस किती झाला त्यावर पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पहिलं पाणी माणसाला आणि जनावराला, उरेल त्यावर पिकं ठरवायची. पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. आपल्या जिल्ह्यातही नावं आहेत. कोरेगाव तालुक्यातलं वेळू २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये राज्यात पहिलं आलं, माणमधली टाकेवाडी २०१८ ला. श्रमदान करून पाणी अडवणं या गावांनी दाखवून दिलं. अडवलेलं पाणी कुणी किती उपसायचं हे ठरवणं त्याहून अवघड काम. तिथं फावडं चालत नाही, घराघरांत वाईटपणा घ्यावा लागतो. उरमोडी, जिहे-कठापूर यांचं पाणी दुष्काळी भागात आल्यावर तर हा प्रश्न मिटायच्या ऐवजी बदललाय. कॅनॉलनं विहिरींना पाणी वाढतं, तसा ऊसही वाढतो, आणि आवर्तन लांबलं की पिण्याच्या विहिरीचा नंबर शेवटी लागतो.

शिळं पाणी

तरीही घरातल्या वापराचा विषय सोडता येत नाही. कारण शेतीचं पाणी थांबवायला दहा वर्षं लागतील, घरातलं उद्या थांबवता येतं.

सगळ्यात मोठी नासाडी कुठं होते हे बारकाईनं बघितलं तर ती नळ चालू राहिल्यानं होते त्यापेक्षा नळ बंद राहिल्यानं जास्त होते. हे ऐकायला उलटं वाटेल. पाणी दोन दिवसांतून एकदा, अर्धा तास येतं. त्या अर्ध्या तासात घरातलं प्रत्येक भांडं भरलं जातं. पिंप, बॅरल, हंडे, कळशा, वर सिंटॅक्स. दोन दिवसांनी परत पाणी आलं की आधीचं उरलेलं "शिळं" म्हणून अंगणात ओतायचं आणि ताजं भरायचं. पाणी शिळं होत नसतं, पण सवय आहे. घरटी दोन कळशा जरी ओतल्या तरी चारशे घरांचं मिळून दहा-बारा हजार लिटर होतं, म्हणजे एक मोठा टँकर.

त्यात ज्यांच्याकडं ऐपत आहे ते लाईनला थेट मोटर लावतात. पाणी ओढलं जातं, मोटरवाल्याची टाकी वीस मिनिटांत भरते आणि लाईनच्या शेवटच्या टोकाला नळ नुसता फुसफुसतो. शेवटच्या टोकाला कोण राहतं हे वेगळं सांगायला नको. बहुतेक गावांत मागासवर्गीय वस्ती, नाही तर माळावरची वाडी. त्यांची पट्टी तेवढीच असते. मोटरनं आणखी एक होतं. लाईनमध्ये ओढ बसली की जिथं पाईप गटारातून गेलेली आहे, जॉइंट सैल आहे, तिथून घाण आत येते. मग टीसीएल पावडर कितीही टाका, पावसाळ्यात जुलाबाची साथ येते आणि ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळतं. आणि साठवलेल्या बॅरलमध्ये डेंगीचा डास होतो. आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणून आशाताई सांगून थकल्यात, पण पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना भरलेलं बॅरल कोण रिकामं करणार?

मलकापूरनं हीच गाठ सोडवली. कराडला लागून, हायवेवरचं झपाट्यानं वाढणारं गाव, पूर्वीची ग्रामपंचायत. इथं २००९ च्या सुमाराला चोवीस तास पाणी सुरू झालं, प्रत्येक नळाला मीटर बसला. दर टप्प्याटप्प्यानं चढता ठेवला. गरजेपुरतं वापराल तर स्वस्त, जास्त वापराल तसं महाग. तेव्हा अनेकांना वाटलं होतं की नळ चोवीस तास चालू ठेवल्यावर लोक पाणी नुसतं उधळतील. झालं उलटं, माणशी वापर कमी झाला. पाणी कधीही मिळतंय म्हटल्यावर साठवायचं कारण राहिलं नाही, शिळं ओतायचं थांबलं, मोटर लावायची गरज संपली, गळती मीटरवर दिसायला लागली. देशभरातली माणसं ते बघायला येऊन गेली.

मलकापूरजवळ कोयना नदी आहे हे खरं. एका विहिरीवरच्या माणमधल्या गावाला चोवीस तास जमणार नाही. पण मीटरला नदी लागत नाही. आपल्याकडं मीटरचं नाव काढलं की ग्रामसभा उधळते, कारण मीटर म्हणजे बिल वाढणार असं डोक्यात बसलंय. हिशेब केला तर ज्या घरात पाच माणसं आणि एक नळ आहे, त्याचं बिल वाढायचं काही कारण नाही. वाढेल ते आठ खोल्या भाड्यानं देणाऱ्याचं, गाड्या धुणाऱ्याचं, नळाच्या पाण्यावर परसबाग नाही तर चक्क गवत पोसणाऱ्याचं. आणि ग्रामसभेत मीटरच्या विरोधात पुढं बसून बोलणारे बऱ्याचदा तेच असतात.

गाय कुणाच्या हिशेबात

एक गोष्ट मात्र योजनेचीच चुकली आहे. ५५ लिटरच्या मापात जनावर धरलेलं नाही. दुभती मोठी गाय दिवसाला ५०-६० लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. गोठा धुवायचं वेगळं. दोन गायी असलेलं घर म्हणजे पाण्याच्या दृष्टीनं सात माणसांचं घर. आपल्या तालुक्यांत दुधावर घर चालवणारे किती आहेत? त्यांनी नळाचं पाणी गोठ्याला वापरलं तर त्याला नासाडी म्हणता येणार नाही. पण ते पाणी कुठून यायचं हे गावानं ठरवलं पाहिजे. जुनी पडकी आड-विहीर, बंद पडलेला हातपंप, यांचं पाणी पिण्यालायक नसलं तरी गोठ्याला, धुण्याला चालतं. नळ आल्यावर आपण हे जुने स्रोत सोडून दिले, काही गावांत तर आडात कचरा टाकून तो बुजवला. ही चूक उन्हाळ्यात कळते.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, तरी आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाला १५ ते २० लिटर घालवते. तोटीच नसलेला नळ मिनिटाला दहा लिटर सोडतो, तासाला सहाशे. नवीन बंगल्यातली जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर ओढते, बादली-मगानं निम्म्यात भागतं. घरातलं आरओ मशीन एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. ती नळी मोरीत सोडण्यापेक्षा बादलीत सोडली तर फरशी पुसणं, संडासला टाकणं होतं.

छपराच्या पाण्याबद्दल मात्र जरा सावधपणे बोललं पाहिजे, कारण त्यावर भाषणं फार होतात. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर ४६ हजार लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला धरून ३७ हजार लिटर हाती राहतं. दिवसाला २७५ लिटरनं ते घराला साडेचार महिने पुरेल. माणसारख्या कमी पावसाच्या तालुक्यातला हा हिशेब आहे. पण ३७ हजार लिटर साठवायला हजार लिटरच्या सदतीस टाक्या लागतील, एवढी जागा आणि पैसा कुणाकडं आहे? म्हणून साठवण्याच्या नादाला न लागता पहिला पाऊस सोडून देऊन नंतरचं पाणी गाळून विहिरीजवळच्या किंवा बोअरजवळच्या खड्ड्यात जिरवणं जमण्यासारखं आहे. एका घरानं केलं तर त्याला फरक दिसत नाही, पाणी शेजाऱ्याच्या बोअरला जाऊन लागतं. सगळ्या आळीनं केलं तर दिसतो.

आणि नळ आला म्हणजे सांडपाणी आलं. वापरलेल्या पाण्यातलं तीन चतुर्थांश परत मोरीतून बाहेर पडतं. ते रस्त्यावर, तिथून ओढ्यात आणि ओढ्यातून बऱ्याचदा गावच्याच विहिरीत. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारं संपवली, डासही संपवले. खर्च फार नाही. फक्त शोषखड्डा आणि संडासची टाकी पिण्याच्या बोअरपासून किमान पन्नास फूट लांब पाहिजे. गुंठ्या-गुंठ्याच्या प्लॉटिंगमध्ये नेमकं हेच होत नाही. एकाची संडासची टाकी दुसऱ्याच्या बोअरला खेटून असते.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर घेऊन. लातूर मोठं शहर होतं, देशभर बातमी झाली, म्हणून रेल्वे आली. दोन हजारांच्या गावासाठी रेल्वे येत नाही.

१ मेच्या ग्रामसभेत

येत्या १ मेला गावोगावी ग्रामसभा आहेत. पाण्याचा विषय निघेल, आरडाओरडा होईल आणि "पुढच्या वेळी बघू" म्हणून उठणं होईल, असं दरवर्षी होतं. यावेळी काही गोष्टी कागदावर मागता येतील. गावच्या पाणी व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या समितीत कोण आहेत, त्यांची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारता येईल. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता, त्यातलं काय कशावर गेलं याची नोंद दफ्तरी असते. पाणीपट्टीची वसुली किती आणि पंपाचं वीजबिल किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून फळ्यावर लावायला सांगता येईल. बहुतेक गावांत पट्टी महिन्याला शंभर रुपयेही नसते, तीही थकते, मग महावितरण वीज तोडतं आणि सगळे सरपंचाला धरतात. ज्या घरात महिन्याला तीनशेचा रिचार्ज तीन मोबाईलवर होतो, तिथं पाण्याचे शंभर जड का वाटतात, हा प्रश्न सरपंचानं विचारला तर त्याचं काही चुकणार नाही.

त्याच बरोबर नवीन प्लॉटिंगला नळजोड देण्याआधी विहिरीची पाणीपातळी बघायची, असा एक ठराव घ्यायला हरकत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं जिल्ह्याला कार्यालय आहे, ते निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. गावच्या विहिरीची पातळी मोजायला तर त्यांचीही गरज नाही. दोरी, तिला दर फुटावर गाठ आणि शेवटी दगड. पाणी सोडणाऱ्यानं दर सोमवारी सकाळी मोटर चालू करायच्या आधी दोरी सोडायची आणि किती गाठी कोरड्या राहिल्या ते वहीत लिहायचं. त्या वहीचा फोटो दर सोमवारी गावच्या ग्रुपवर टाकायचा, म्हणजे मोटर जळाली की विहीर आटली, याचा वाद राहणार नाही.